नाचणारी जाऊ

पद्मा, तुझ्या तेराव्याला आलेल्या माणसांपैकी निम्म्यांनी मला तुझ्या नाचाचंच सांगितलं. रडली ती माणसं, नाही असं नाही, पण डोळे पुसता पुसता हसायचीही. "काय नाचायची हो तुमची जाऊ!" तुझ्या लेकीच्या, वैशालीच्या ऑफिसातल्या बायका, खालच्या मजल्यावरचे पेन्शनर काका, आणि तुझ्या क्लासातली ती सगळी दम लागणारी मंडळी, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत थांबत वर आलेली. मी वाढायला उभी होते, हातात बुंदीची परात. आणि तुला खरं सांगते, कारण आता तुझ्याशी खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. तिथंही मी जळाले. तू गेलीस, पण माझी जळजळ काही गेली नाही. मनात आलं, मी गेल्यावर लोक काय सांगतील? शांताबाईंच्या हाताला मिठाचा अंदाज होता, एवढंच.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी त्या घरातली सहा वर्षांची जुनी सून होते. आपलं गाव निलंग्याकडचं आणि तू धर्माबादची, तेलंगणाच्या शिवेवरची. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगू शब्द यायचे. पहिल्याच दिवशी मला "अक्का" म्हणालीस. इतक्या गोडीनं मला त्या गावात कुणी हाक मारली नव्हती, म्हणून मी ते नाव ठेवून घेतलं. गोडी मात्र परत दिली नाही.

पहिल्या नवरात्रात तू ओढ्याकाठची तरवडाची पिवळी फुलं ओटीभर आणलीस, ताटात त्यांचा उंच ढीग रचून तो अंगणात ठेवलास आणि एकटीच त्याच्याभोवती फिरायला लागलीस. एक पाऊल, वाकायचं, टाळी, सरळ व्हायचं, पुन्हा पाऊल.

"हे काय गं?"

"बतुकम्मा, अक्का. आमच्याकडं समद्या बाया करतात. या ना."

"आमच्यात नाही करत," मी म्हटलं आणि उंबऱ्यातनं हलले नाही.

गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग एक आत आली, मग दोन. दिवेलागण होईस्तोवर सात-आठ जणी तुझ्यामागं वाकून टाळ्या देत होत्या. सासूबाईंनी सहा वर्षांत मला एकदा चांगलं म्हटलं नव्हतं, त्या ओसरीवरनं म्हणाल्या, "पोरीच्या अंगात ताल हाय." पहिली ठिणगी तेव्हा पडली बघ. तुला त्याचा पत्ताही नव्हता. तू मला फुलं वाहायला बोलावत होतीस.

मग भूकंप झाला. त्याचं मी इथं सांगत बसत नाही. ते कुणी बोललेलं तुलाही आवडायचं नाही. दगडमातीखालून भावजींना काढलं, सासूबाईंना काढलं. तू विशीतली, कडेवर वैशाली. माझा नवरा वाचला, माझा सुनील वाचला. माझ्याकडं सगळं होतं आणि तुझ्याकडं काही राहिलं नव्हतं, आणि तरी, पद्मा, मला तुझा हेवा वाटला. पत्र्याच्या शेडमध्ये येणारं प्रत्येक माणूस आधी तुझ्याजवळ बसायचं. माझ्याकडं पाणी मागायचं. दोन महिन्यांनी माझ्या पोटातलं गेलं. एवढी माणसं मातीत गेलेली, त्यात न जन्मलेल्याला कोण विचारतंय? ह्यांनीसुद्धा "आता काय करायचं" म्हणून विषय संपवला. तू आलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस आणि रडलीस. स्वतःच्या नवऱ्यासाठी चारचौघांत न रडलेली तू, माझ्यासाठी हुंदके देऊन रडलीस. त्याचे उपकार मानायचे सोडून मी मनात म्हटलं, हिच्याकडं तर रडणंसुद्धा माझ्यापेक्षा जास्त आहे.

त्या शेडमध्ये आपण चूल मांडली. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, धुराला जायला वाट नाही. लाकडं ओली. एक फुंकणी घेऊन आपण आलटून पालटून फुंकायचो आणि एकमेकींचे लाल डोळे बघून हसायचो. पुढं लातूरला आलो. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. लांबलांबच्या तालुक्यांतनं पोरंपोरी डॉक्टर-इंजिनियर व्हायला येऊन खोल्या करून राहायची आणि त्यांना घरच्या चवीचं जेवण पाहिजे असायचं. आपण मेस काढली. मागच्या बाजूला एक चूल, दोन भुशाच्या शेगड्या, आणि सकाळ-संध्याकाळ पोळ्यांचे डोंगर. स्वयंपाकाला गॅस येईस्तोवर आपल्या छातीत कितीतरी वर्षांचा धूर बसला होता. तेव्हा कुणाला ठाऊक होतं? खोकला आला की गूळ-सुंठ खायची आणि पुढची पोळी लाटायची.

मेसच्या पाटीवर नाव माझं होतं. 'शांताई भोजनालय'. ह्यांनी रंगाऱ्याकडनं लाल अक्षरात लिहून घेतलेलं. पण एक पोर कधी शांताईकडं जेवायला आलं नाही. सगळी "पद्माकाकूंकडं" यायची. मी भाजीत मीठ बरोबर टाकायचे आणि तू कुणाचा पेपर अवघड गेला ते बरोबर ओळखायचीस. त्याच्या ताटात न बोलता एक पोळी जास्त जायची. वैशाली त्याच स्वयंपाकघरात कणकेच्या परातीशेजारी बसून शिकली आणि पहिल्या झटक्यात नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात लागली. माझा सुनील दोनदा परीक्षेला बसला आणि शेवटी पुण्याला कंपनीत गेला. वैशालीचे पेढे तू सगळ्यांत आधी माझ्या हातात दिलेस. मी एक खाल्ला आणि म्हटलं, "साखर जरा कमीच वाटती."

खोकला आधी मला लागला होता. आजारात तरी मी पहिली! पण तिथंही तू मला मागं टाकलंस. चार पायऱ्या चढल्या की तुझे ओठ निळे पडायला लागले. लातूरच्या डॉक्टरांनी दोघींच्या छातीचे फोटो काढले, नळीत फुंकायला लावलं आणि विचारलं, "विडी ओढता का मावशी?" तू इतकी हसलीस की ठसका लागला. "न्हाई डॉक्टरसाहेब. आम्ही चूल ओढली." त्यांनी समजावलं की हा जुनाट आजार आहे, श्वासाच्या नळ्या आकसल्यात, बिघडलेला भाग परत नीट व्हायचा नाही, आहे तेवढं सांभाळायचं. माझं बेताचं होतं, तुझं बरंच पुढं गेलेलं. आपण मेस बंद केली. तू वैशालीकडं नांदेडला गेलीस. मी लातुरातच राहिले, आणि ह्यांच्यामागं तर अगदी एकटी.

हे जाऊन वर्ष झालं असेल, तुझा फोन आला. "अक्का, ऐक ना. डॉक्टरनं मला नाचायला सांगितलंय."

"तुझं डोकं ठिकाणावर हाय का? तुला न्हाणीपर्यंत जायला दम लागतो."

"म्हणूनच तर. मी नाचून राहिले ना इथं! तू ये, बघ."

मी आले. बघायला आले म्हणजे काय, चूक काढायला आले. लातूरहून अहमदपूर, तिथं एसटी स्टँडवर चहा, मग नांदेड. सगळ्या वाटेत मी तुला काय काय बोलायचं ते जुळवत होते.

दवाखान्यामागच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर. दहा-बारा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. शबाना मॅडम, व्यायाम शिकवणाऱ्या, वैशालीपेक्षाही लहान, डोक्यावर ओढणी, गळ्यात शिट्टी. आधी त्यांनी प्रत्येकाच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा बघितला, श्वासाचा पंप घेतलाय का विचारलं, आणि मग मोबाइलवर गाणं लावलं. पहिल्यांदा खुर्चीत बसूनच हात वर, हात खाली. मग उभं राहून. हात उचलताना श्वास घ्यायचा, वाकताना ओठांचा चंबू करून हळूहळू फुंकर सोडायची. दम लागला की खुर्ची आहेच.

मला वाटलं होतं तू थोडी इकडंतिकडं हलत असशील. तू नाचत होतीस, पद्मा. अंगणातलं तेच पाऊल, तीच टाळी, फक्त मंद. भूकंपानंतर तू ते एकदाही केलं नव्हतंस. मॅडमनी ते तुझ्याकडनं ऐकलं, करून बघितलं आणि सगळ्या क्लासला शिकवलं, कारण वाकताना फुंकर आणि उठताना श्वास त्यात आपसूक बसत होता. रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर वाकत होते. गाद्या भरणारे गफूरचाचा, आयुष्यभर कापूस पिंजून छाती भरलेले, तुझ्यासमोर उभं राहून टाळ्या देत होते. जोड्या करायची वेळ आली तेव्हा त्यांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, "पद्माबेन, आज मेरा पाय नका तुडवू."

सगळे हसले. तुझ्या गालांवर रंग होता. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

संपल्यावर मी मॅडमना विचारलं, "ह्यानं फुफ्फुस बरं होतं का?"

"फुफ्फुस नवीन नाही होत, मावशी. पण पाय तगडे झाले की त्याच कामाला श्वास कमी लागतो. आणि भीती जाते. दम लागेल म्हणून माणूस बसून राहतो ना, ते बसणंच जास्त खातं त्याला. तुम्ही पण या."

"मला काही एवढं नाही," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी तू दोन मजले चढून घरी गेलीस, मध्ये एकदाच थांबून. मी तीनदा थांबले. वर पोचल्यावर तू मला पाणी आणून दिलंस.

आता जे लिहिते ते तू होतीस तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांनी तू पुन्हा क्लासला गेलीस, वैशाली ऑफिसला, आणि मी तुझ्या जावयाजवळ बसले. संतोषराव भिडस्त माणूस, वडीलधाऱ्यांपुढं मान वर करत नाही, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "जावईबापू, मी बोलू नये. पण ह्या वयात परक्या पुरुषाचा हात धरून नाचणं बरं दिसतं का? तुमच्या भावकीत कळलं तर? आणि नाचता नाचता काही झालं, तर लोक म्हणतील, जावयानं सासूला नाचवून मारलं." शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. ते लागणार हे मला ठाऊक होतं. त्यांचा चेहरा उतरला. मी दुपारच्या गाडीनं लातूरला निघून गेले.

आठ दिवसांनी तुझा फोन आला. आवाज बारीक. "अक्का, क्लास बंद केला मी. संतोषरावांना बरं वाटत न्हाई म्हणून."

मी म्हटलं, "बरं झालं. जपून राहावं."

फोन ठेवला आणि त्या दिवशी मला छान भूक लागली. हे मी विसरू शकत नाही, पद्मा. मी दोन भाकरी खाल्ल्या.

चार महिने तू घरात बसून होतीस. सुरुवातीला फोनवर गप्पा मारायचीस, मग वाक्य अर्ध्यात थांबायला लागलं, मग वैशालीच बोलायची. थंडीत तुला दवाखान्यात ठेवलं. मी आले तेव्हा तुझ्या नाकावर मास्क होता आणि पलंगावरनं खाली लटकणारे पाय काठीसारखे झाले होते. शबाना मॅडम तुझ्या पायावर हात फिरवत होत्या. मला ओळखून त्या एवढंच म्हणाल्या, "किती मेहनतीनं कमावले होते यांनी हे पाय." त्यांना काही माहीत नव्हतं. तरी मला कानफटात बसल्यासारखं झालं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी संतोषरावांना गाठलं. "तिला परत जाऊ द्या क्लासला."

ते गोंधळले. "पण मोठ्या आई, तुम्हीच तर..."

"मी म्हटलं होतं. आता मीच म्हणते, जाऊ द्या. मी स्वतः घेऊन जाईन."

तशी मी नांदेडला राहिले. सुरुवातीला तुझी पिशवी धरायला, मग मॅडमनी मलाही उभं केलं. ज्याला कमी त्रास त्यानं जास्त त्रासवाल्याबरोबर जोडी करायची, असा त्यांचा नियम. म्हणून तू आणि मी. तू घरात आल्यापासून पहिल्यांदा मी तुझ्याबरोबर फेर धरला, आणि मला यायचाच नाही. मी घाईनं पाय टाकायचे आणि मध्येच गुदमरायचे. तू हात दाबायचीस. "अक्का, फुंकर आधी, पाय मग." माझी छाती तुझ्यापेक्षा चांगली, आणि तरी मॅडम सगळ्यांना सांगायच्या, पद्मामावशींकडं बघा. वरांड्यात चालायची परीक्षा असायची, सहा मिनिटांत कोण किती जातं. तू रमतगमत जायचीस, माझ्या पुढं दोन फेऱ्या. मी चिडायचे. "मुद्दाम करतीस." "हाव, मुद्दाम करते," तू म्हणायचीस आणि थांबून माझी वाट बघायचीस. ते थांबणं मला जास्त टोचायचं.

पण एक कबूल करते. त्या वर्षात मी जेवढी हसले तेवढी जन्मात हसले नव्हते. सोमवार-गुरुवार उजाडायची वाट बघायचे. मी तुझी साडी नीट करायचे, तू माझा पंप बघायचीस. क्लासहून येताना रिक्षात आपण मेसच्या पोरांची नावं आठवायचो. तुला सगळी आठवायची, मला निम्मी. एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, "बहिणी का?" तू "हाव" म्हणालीस. मी "जावा" म्हणाले. तेव्हाच सुधारून घ्यायला हवं होतं मी.

तू नाचताना गेली नाहीस, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. ताप आला, छातीत जंतू गेला, पाच दिवस. त्या पाच दिवसांत मी सांगायचं ठरवून बसले होते. नर्स गेली की बोलते, म्हटलं. नर्स गेली तर वैशाली आली. वैशाली चहाला गेली तर तुझा डोळा लागला. चौथ्या दिवशी तू मास्क बाजूला करून म्हणालीस, "अक्का, तू सोमवार चुकवू नको." मी म्हटलं, "गप्प पड, बोलू नकोस." माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं हे. गप्प पड.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली आणि मी भांडी पुसत होतो. मला राहवेना. म्हटलं, "वैशू, तुझ्या आईचा क्लास मी बंद पाडला होता. जावईबापूंचे कान मी भरले होते."

ती ताट पुसत राहिली. "आईला माहीत होतं, मोठी आई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ह्यांना खोटं जमत नाही. आईनं विचारलं, तर तुमचं नाव सांगून टाकलं त्यांनी."

"मग ती मला काही बोलली कशी नाही?"

"मी म्हटलं होतं, मी विचारते मोठ्या आईला. तर म्हणाली, अजिबात विचारायचं न्हाई. तिला एकटीला करमत न्हाई तिथं. तिला इकडं आणायचं बघ."

मी ताटं तशीच ठेवून गच्चीत जाऊन उभी राहिले.

म्हणजे घरात बसून पाय वाळत होते तेव्हा तुला माहीत होतं. दवाखान्यात मी तुझ्या तोंडात चमचा घालत होते तेव्हा माहीत होतं. वर्षभर आठवड्यातनं दोनदा माझा हात धरलास, तोही माहीत असून. आणि मी रोज तयारीत होते, पद्मा! तू कधीतरी विचारशील म्हणून उत्तरं पाठ करून ठेवली होती. पहिलं, मला तुझ्या जिवाची भीती वाटली. दुसरं, लोक काय म्हणतील याची. ही दोन्ही तुला पटली नसती, मग मी तिसरं, खरं, सांगितलं असतं. की त्या हॉलमध्ये तुझं तोंड उजळलेलं मला बघवलं नाही.

तू विचारलंच नाहीस. विचारलं असतंस तर मी ओरडले असते, तूही ओरडली असतीस, दोघींना दम लागला असता, दोघींनी पंप घेतले असते आणि पुन्हा भांडलो असतो. तेवढं भांडण तू मला द्यायला हवं होतंस. त्याचा मला राग आहे. आणि लपवत नाही, हेवाही आहे. एवढं पोटात ठेवून हात असा घट्ट धरणं मला सात जन्मांत जमलं नसतं.

तिसरं उत्तर इथं लिहून दिलं. ते वाचून तू काय म्हणाली असतीस, हे कालपासून मी तुझ्याच आवाजात जुळवून बघते आहे. माझ्या सोयीचं एक वाक्य सापडलंसुद्धा होतं. ते लिहीत नाही. तुझ्याकडचं जे जे होतं ते सगळं मला जन्मभर हवं होतं. एवढं एक उत्तर तुझं तुझ्याकडं राहू दे.